फरशीच्या पाठीवरची रेघ

दादा, काल जुन्नरला त्या व्यापाऱ्यांच्या घरी गेलो होतो. आपण दोघांनी केलेली बैठकीतली दगडी भिंत अजून आहे, एक फरशी हललेली नाही. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला आणि भिंत कुणी केली ते विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं, माझे वडील म्हणून. घडण तुमची, लावणी माझी, एवढी फोड करून सांगत बसलो नाही.

ती भिंत केली तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. तुमची रीत ठरलेली: प्रत्येक दगड त्याच्या जागेपुरता घडवायचा, पाठीवर आकडा घालायचा. मी पत्र्याचा नऊ इंची चौकोनी फर्मा कापून आणला आणि म्हणालो, सगळ्या फरशा याच मापाच्या करू, दोन बोटं जाड, म्हणजे कोणतीही कुठेही बसेल, कशीही फिरवली तरी. तुम्ही फर्मा उलटसुलट करून पाहिलात. "दगडाला डोकं-पाय नाय व्हय रं?" एवढंच म्हणालात. मला राग आला. यांना नवं काही पटतच नाही, असं आईला बोलूनही दाखवलं. तरी आपल्या शिनोलीच्या घरामागे बसून दोन महिने तुम्ही माझ्याच मापाने फरशा घडवल्यात, कणभर इकडेतिकडे नाही.

जुन्नरला गाडीतून उतरवताना पाहिलं, तर प्रत्येक फरशीच्या पाठीवर एका कडेला छिन्नीची बारीक रेघ. ती कड वर ठेवली की दर्शनी बाजूचे तुमचे सगळे घाव एकाच अंगाला कलत होते. मला ते लगेच कळलं. पण रेघ पाळली असती तर माझ्या फर्म्याचं काय राहिलं असतं? हाताला येईल तशी फरशी लावत गेलो. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "सरळ लावल्यास न्हवं?" मी हो म्हणालो.

आठवड्याने तुम्ही भिंत बघायला येता. तिसरा प्रहर आहे. खिडकीतून तिरपं ऊन भिंतीवर पडलंय आणि फरशीगणिक सावली वेगळी, ठिगळं जोडल्यासारखी. व्यापारी मात्र खूश आहेत, नक्षी कुणाला सुचली म्हणून विचारतायत. तुम्ही एका फरशीवरून तळवा फिरवता. माझ्याकडे बघत नाही.

"नक्षी पोराची हाय," तुम्ही सांगता.

परतीच्या वाटेवर तुम्ही पिकापाण्याचं बोललात. पुढेही कधी विषय काढला नाहीत. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, याची आता लाज वाटते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगतो. सूनबाई जेवून जा म्हणत होत्या, पण खिडकीत ऊन यायच्या आत मी तिथून निघालो.