मालक म्हणून नाव

अहो,

नव्या दुकानातल्या आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर आहे. काल तीनदा पाहिला. यावेळी काही कमी पडणार नाही.

आज अकराला विमा कंपनीचा माणूस पाहणीला येतोय. विम्याशिवाय रक्ततपासणी केंद्राची फ्रँचायझी मिळत नाही आणि मुदत आजचीच आहे. म्हणून तुम्ही इचलकरंजीची रात्रपाळी संपवून यायच्या आधीच निघतेय. भाकरी टोपलीत आहेत, आमटी तेवढी गरम करा.

तुमचं दुकान जळाल्यापासून तुम्ही कुठल्याच कागदावर मालक म्हणून सही केली नाही, आणि मीही विषय टाळला.

मघाशी विम्याचे एजंट पिराजीभाऊंचा फोन आला. "वहिनी, मालक म्हणून नाव कुणाचं घालू? चार महिनं झालं, दादा काय बोलंनात की."

मी म्हणाले, "माझं घाला."