पूर्वेला वाट नाही

११ फेब्रुवारी १९९९
अक्का धन्य आहे! कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी आमच्याच घराचा गेम करतेय. चित्रं नाहीत, नुसते शब्द — दिशा टाईप केली की पुढच्या खोलीचं वर्णन येतं. मी मूर्ख, प्रत्येक खोलीचा वेगळा कोड लिहीत बसले होते. पानंच्या पानं! अक्कानं स्वयंपाकघरात पोहे खाता खाता सगळ्यावर काट मारली. "अगं, खोली हा एकच क्लास कर की, एकच साचा. नाव, वर्णन, चार दिशा. दिशेत काय ठेवायचं? पलीकडची खोली! दार म्हणजे तेवढंच." तेवढंच म्हणे! समोर कॉम्प्युटरही नव्हता तिच्या.

कॉम्प्युटर सोप्यात, म्हणजे पुढच्या दालनात आहे, आणि सोप्यात अक्का येत नाही. जातीबाहेर लग्न केल्यापासून दोन वर्षं अप्पांनी तिचं नाव घेतलेलं नाही. दर गुरुवारी अप्पा मठात गेले की ती तारिहाळच्या कारखान्यातून येते, परसदारानं. आईपाशी बसते आणि तशीच मागच्या मागं जाते. "अप्पांनी बोलावल्याशिवाय पुढं येणार नाही." हट्टी! पण मला तिचा हा हट्टसुद्धा आवडतो.

१४ फेब्रुवारी
चालला!! देवघर, सोपा, स्वयंपाकघर, परस — सगळ्या एकाच क्लासच्या लेकी. खेळणारा कुठल्या खोलीत आहे एवढंच लक्षात ठेवायचं. काय डोकं आहे या बाईचं!

१७ फेब्रुवारी
"जोडताना दोन्हीकडून एकदम जोड, नाहीतर माणूस जाईल आणि परत येणार नाही," असं अक्कानं बजावलं होतं. मी कंटाळा केला, एकेक दिशा हातानंच भरली. काय होतंय!

२१ फेब्रुवारी
अप्पा आज गेम खेळायला बसले. जन्म भूमापन खात्यात गेलेला, दिशांवर फार जीव! एका बोटानं पश्चिम — स्वयंपाकघर. पुन्हा पश्चिम — परस. "पेरूचं झाडबी घातलंस की!" खूश. पूर्व — परत स्वयंपाकघर. पूर्व —

'तिकडे वाट नाही.'

"काय गं हे? स्वयंपाकघरातनं सोप्यात यायला वाट नाही?"

कोड पाहिला. ती एकच दिशा रिकामी राहिली होती. परसातून आत यायचं, तिथूनच बाहेर जायचं — मी घरभर अक्काच्या पावलांनी हिंडत होते!

"चुकलं, अप्पा."

"खेळणारा कोण धरलायस?"

तोंडातून निघूनच गेलं. "अक्का."

आत आईचा नळ बंद झाला. अप्पा उठले. माझी जीभ झडली का नाही!

२२ फेब्रुवारी
अप्पांनी गेम पुन्हा उघडला नाही. आई माझ्याशी बोलत नाही.

२५ फेब्रुवारी
गुरुवार असून अप्पा मठात गेले नाहीत. परसदाराला स्वतःच्या हातानं कुलूप घातलं. आई तोंडाला पदर लावून उभी. वाटलं, संपलं सगळं! मग अप्पांनी सोप्यातला फोन उचलून कारखान्याचा नंबर फिरवला — कुणाला न विचारता, तोंडपाठ!

"वैशू, मागं कुलूप आहे. पुढनं ये."