तालीम होती, असं मी सांगितलं

६ मार्च
दिन्या आला नाशिकहून. फोटोच्या कॉलेजात आहे माझा नातू. केस मानेवर. म्हटलं, नाशकातले न्हावी मेले का? हसला. नागलीच्या दोन भाकरी खाल्ल्या. मग म्हणे, "आजी, परीक्षेला फोटो द्यायचेत. तुझं लुगडं दे." हे शिक्षण! दिलं. हिरवं.

७ मार्च
बोहाड्याच्या जत्रेत देवीचं सोंग घेणाऱ्या गड्याला नेसवतात तसं नेसवलं. विजारीवरून, कासोटा आवळून, नाचताना सुटू नये म्हणून. याचा आजोबा होता तोवर त्याला दरसाल असंच नेसवून देवीचा मुखवटा बांधत होते मी. देवीचा मान आमच्या घरचा. दिन्या म्हणे, "असं नको. तू रोज नेसतेस तसं."
सोडलं, पुन्हा नेसवलं. आरशात बघत राहिला. डोळे भरले. मी आपली विचारते, फार आवळलं का?
कोरड्या खाचरात कॅमेरा तिकाटण्यावर लावून स्वतःच उभा राहिला. खाली काळे बूट. चांगला दिसत होता. म्हणाले नाही. एरवी तोंड बंद नसतं माझं.

१९ मार्च
कॉलेजात भिंतीवर लावलेले फोटो कोणी तरी मोबाईलवर गावात धाडले. कैलास, दिन्याचा बाप, ठाण्याचं काम टाकून आला. "आये, हे लुगडं तुझं ना?"
म्हटलं, माझंच. नेसवलं पण मीच.
संध्याकाळी दिन्या पण आला. बापलेक एकमेकांकडे बघत नाहीत.

२० मार्च
सकाळीच पाटील ओट्यावर. संगती चौघे. "म्हातारे, नातू बाई झाला म्हणं तुझा?"
दिन्या आत, दाराआड. हे पोराला हाणतील, इतकंच डोक्यात. म्हटलं, "बाई कसली! आजोबाच्या जागी देवी नाचवायची ना त्याला यंदा. तालीम करत होता."
सगळे गार. पाटील हसला. "मंग आधी सांगायचं!" चहा पिऊन गेले. मी खूश. काय अक्कल चालवली!
दिन्या बाहेर आला.
"आजी, तालीम नव्हती ती."
"ठाऊक आहे मला."
"ठाऊक होतं, तरी म्हणालीस?"
ओरडला असता तर बरं होतं. पिशवी उचलली, नाशिकची एसटी धरली. भाकर बांधली होती, ती ओट्यावरच.

२४ मार्च
फोन बंद. कैलास म्हणतो, गेला ते बरं झालं, नाक कापलं त्यानं. म्हटलं, तुझ्या बापाच्या पोलक्याचे हूक मी लावायची, तेव्हा हेच नाक त्याच्या पायावर घासत होतास.
जेवला नाही. मी पण नाही.

२९ मार्च
पाटलाचा निरोप. बोहाडा जवळ आला, पोराला बोलाव. मुखवट्याला जव्हारहून रंग आणलाय.
म्हणजे आता माझं खोटं नाचवायला दिन्या पाहिजे. पुरुष एक दिवस बाई झाला की गाव पाया पडतं. दुसऱ्या दिवशी तसाच राहिला तर दगड. इतकी वर्षं मी त्यातच नारळ फोडले.
सुनेनं, दिन्याच्या आईनं, तीनदा फोन लावला. बंद.

१ एप्रिल
बोहाड्याची बैठक. देवळापुढे उभी राहिले. म्हटलं, तालीम नव्हती. माझा नातू तसाच आहे, बोहाडा नसला तरी. मी खोटं बोलले.
पाटील म्हणाला, "देवीचा मान दुसऱ्या घरी जाईल, म्हातारे."
"जाऊ दे. मुखवटा भिंतीवर आहे. काढून न्या."
कैलास उठून गेला. कुठे, ठाऊक नाही. माझ्या म्हाताऱ्याच्या हातचा मान होता.

२ एप्रिल
दुपारी फोन लागला. दिन्यानं उचलला, बोलला नाही. मागे गाड्यांचे हॉर्न. बैठकीतलं सगळं सांगितलं. चांगला दिसत होतास, ते पण सांगितलं. घरी ये म्हणणार होते. कुठल्या तोंडानं म्हणू? इथं त्याला जपेल कोण? नुसतं विचारलं, जेवलास का?
फोन ठेवला नाही. नाक ओढल्यागत आवाज आला. मी पण धरून बसले. सून म्हणते, पाव तास झाला असेल. मग मोबाईलच मेला.
चार्जिंगला लावलाय. लाईट नाही.