ट्रेलरमधल्या त्या दाराविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, चौतीस वर्षे चित्रपटांचे ट्रेलर कापून पोट भरलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. दमले आहे, पण दमणे म्हणजे भ्रमिष्ट होणे नव्हे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते. ते रद्द समजावे.

कलम १. राहत्या घराचा तळमजला माझ्या पश्चात माझ्या भावजयीला मिळावा, तिच्या एकटीच्या नावावर. वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ राहतो. चौदा वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. तेवढी वर्षे ही बाई जिन्यावरून खालीवर करत राहिली, दोघांचीही बोलणी खात राहिली, आणि एकाचीही चहाडी दुसऱ्याकडे केली नाही.

कलम २. बँकेतील ठेवी भाचीला. अट काही नाही. तिने त्या उडवल्या तरी चालेल.

कलम ३. संकलनाचे टेबल, दोन्ही मॉनिटर आणि फिल्म जोडायचे जुने यंत्र माझ्या पूर्वीच्या सहायिकेला. ती आता माझ्यापेक्षा चांगले ट्रेलर कापते. तिला एकच सांगणे: निर्मात्याकडून चित्रपट मागवताना शेवटची पंधरा मिनिटे मागवूच नये. जे हाताशी नाही ते टाकण्याचा मोह होत नाही. हे मला फार उशिरा सुचले.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी वगळू नये.

माझ्या भावाने आयुष्यात एकच चित्रपट केला. त्यात सहा वर्षे गेली. गोष्ट साधी होती. बापाची बोट बुडते, सगळे त्याला मेला असे धरतात, एकटी मुलगी मानत नाही. शेवटी दारावर थाप पडते, ती दार उघडते, बाहेर बाप उभा. तो जिवंत आहे हे तोवर प्रेक्षकालाही कळत नाही.

ट्रेलर मी कापला. निर्माता म्हणाला, "बाई, ते दार उघडताना दाखवा. नाहीतर मी दुसऱ्याकडून कापून घेतो." भाऊ तेव्हा, थेट प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीपर्यंत, आवाजाच्या कामात अडकलेला होता. मी त्याला विचारले नाही. दोन सेकंदांचा तो तुकडा टाकला.

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला थिएटर भरले होते. आम्ही दोघे मागच्या भिंतीला टेकून उभे होतो. मुलगी दाराकडे निघाली आणि पुढच्या रांगांतली माणसे पायाने चपला चाचपू लागली. आमच्या समोरचा एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "आता बाप येतो. चल, गर्दी व्हायच्या आत निघू." भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, यांना कसं माहीत?" ट्रेलर त्याने दुसऱ्या दिवशी पाहिला, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणे टाकले. पुन्हा चित्रपटही केला नाही. गाडी चालवायला शिकवण्याचा वर्ग काढला.

निर्मात्याच्या धमकीमुळे टाकला, असे मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटे आहे. तो चित्रपटातला सर्वांत सुंदर तुकडा होता आणि तो माझ्या ट्रेलरमध्ये असावा असे मला वाटले. हात शिवशिवले. एवढेच.

गेल्या वर्षी खुब्याचे हाड मोडले म्हणून मी दीड महिना पुनर्वसन केंद्रात होते. एका बुधवारी तिथल्या परिचारिकेने हॉलमध्ये चित्रपट लावला. तो नेमका भावाचा निघाला. मी उठून जाणार होते, पण चाकाची खुर्ची ढकलायला कोणी नव्हते. शेजारी एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बसल्या होत्या. त्यांनी ना चित्रपट पाहिला होता ना ट्रेलर. दार उघडले आणि त्या ओरडल्या, "अगं बाई! मेला मेलाच नव्हता!" माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की नखे रुतली. हॉलमध्ये दोघीतिघी रडत होत्या.

घरी आल्यावर मी जिन्याच्या तळाशी वॉकर धरून उभी राहिले. भाऊ वर्गाला निघाला होता. मी म्हटले, "तुझा सिनेमा पाहिला. दाराला एक बाई ओरडली."

तो थांबला. "ओरडली?"

"मोठ्यानं."

"माहीत नव्हतं तिला?"

"नव्हतं."

तो तिथेच पायरीवर बसला. मग मी त्याला हात शिवशिवल्याचे सांगितले. त्याने ऐकून घेतले, मला माफ केले नाही, आणि वर्गाला उशीर झाला म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली येऊन त्याने विचारले, "काय म्हणाली होती ती? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितले. आणखी पुष्कळदा सांगितले आहे.

कलम ५. त्या निर्मात्याला माझ्याकडून काही नाही, शिव्यासुद्धा नाहीत. त्याने फक्त मागितले होते.

कलम ६. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर माझ्या आयुष्यातले निवडक तुकडे जोडून, मागे संगीत लावून पडद्यावर दाखवू नयेत. हे काम कसे करतात ते मला माहीत आहे.

कलम ७. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझ्या भावाला नेमते. त्याला विचारले तेव्हा तो माझ्या खोलीतला नळ दुरुस्त करत होता. पाना खाली न ठेवता हो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पण घाई करू नकोस."

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि पुढील दोघांच्या देखत सही करते.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. सही.
साक्षीदार २: समोरच्या घरातील निवृत्त मुख्याध्यापिका. सही. (शुद्धलेखन यांनी तपासले.)

ठिकाण: राहते घर, तळमजला, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: अकरा मार्च, सकाळी साडेदहा