‘अभ्यासा’तला राहिलेला काना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, दिवंगत घड्याळजींची पत्नी, धंदा घरकाम, शिक्षण दहावी पास, परमेश्वराला स्मरून हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. सोबत डॉक्टरांचा कागद जोडला आहे, कारण माझा थोरला भाऊ, यापुढे ‘दादा’, वर्षभर नातेवाइकांत सांगत फिरतो आहे की म्हातारीला भ्रम झालाय, घर ताब्यात घ्यायला हवं. मला मूलबाळ नाही, म्हणून त्याला घाई.

१. राहतं घर, मागची खोली सोडून, मी दुपारच्या शाळेला देते. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं अशा पोरांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी तिथे दहावीचे वर्ग चालतात. सध्या शाळा एका गोदामात पोत्यांना टेकून भरते. बावन्नाव्या वर्षी मी तिथे नाव घातलं. फळा स्वयंपाकघरात लावावा. उजेड तिथेच बरा आहे.

२. दादाला काय, आणि का, हे नीट लिहिते.

दादा नववीत नापास होऊन माझ्याच वर्गात आला. सहामाहीला गणितात मला सत्त्याऐंशी, त्याला एकोणीस. महिन्याभरात माझं नाव शाळेतून निघालं. “मास्तरच म्हणाले, हिला अभ्यासात गती नाही,” असं दादानं घरी सांगितलं. वडिलांना, म्हणजे अप्पांना, वाचता येत नव्हतं. दाखवलं तिथे त्यांनी अंगठा दिला. मीही ते खरं मानलं. सदतीस वर्षं. जिला गती नाही तिनं दुधाचासुद्धा हिशेब तीनदा तपासावा, म्हणून तपासत राहिले. तो एकदाही चुकला नाही, तरी मला कधी शंका आली नाही. याचा राग माझा मलाच आहे, त्याचं खापर मी दादावर फोडत नाही. बाकीचं फोडते.

दुपारच्या शाळेला माझा जुना दाखला हवा होता. दादाला विचारलं तर म्हणाला, “या वयात? वर जाऊन देवाला पाढे म्हणून दाखवणार आहेस का?”

“देवानं विचारलेच, तर यायला नकोत?” मी म्हटलं, आणि स्वतःच जुन्या शाळेत गेले.

कारकुनानं कागद शोधून काढले. मास्तरांचा शेरा कुठेच नव्हता. एक अर्ज होता: ‘मुलीला अभ्यसात गती नाही, सबब नाव काढावे.’ खाली अप्पांचा अंगठा. अक्षर दादाचं. काना खायची त्याची खोड लहानपणापासूनची. अजून पत्रात ‘आशीर्वद’ लिहितो.

“बाई, पाणी आणू का?” कारकुनानं विचारलं.

“पाणी नको. नक्कल द्या.”

ती नक्कल, चौकटीत बसवलेली, दादाला द्यावी. राहिलेला काना मी लाल शाईनं भरला आहे.

३. रस्त्याकडे दार असलेली मागची खोली दादाला दुकानासाठी हवी आहे. मिळेल. अट एकच. त्यानं शाळेत भर वर्गात फळ्यावर लिहावं: ‘माझ्या बहिणीला अभ्यासात गती होती. अर्ज मी लिहिला.’ गणिताच्या बाईंनी तपासावं. एक काना राहिला तरी नापास, फेरपरीक्षा वर्षानं. त्याच्या मुलांनी त्याच्या वतीनं लिहायचं नाही. दुसऱ्याच्या नावानं लिहिणं या घराण्यात एकदा झालं, तेवढं पुरे. त्यानं लिहिलंच नाही, तर त्याच्यामागे खोलीही शाळेची.

४. यजमानांचं डोळ्याला लावायचं भिंग वर्गात माझ्याशेजारी बसायची त्या शिंपिणीला. सुईत दोरा ओवताना तिची तारांबळ उडते. यजमानांनी मला कधी ढ म्हटलं नाही. हुशारही म्हटलं नाही. भेट झाल्यावर त्यांच्याशी बोलेन.

५. मी गेल्यावर दादानं माझ्याबद्दल चार शब्द बोलू नयेत. बोलायचेच असतील तर आधी लिहून बाईंकडून तपासून घ्यावेत.

क्षमा करावी असं पोथीत आहे. रोज वाचते. त्या ओळीशी आले की देवाला सांगते, हे तुझ्याकडेच ठेव, मला जमायचं नाही.

हे सर्व कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या हातानं, शुद्धीवर असताना आणि शुद्धलेखन दोनदा तपासून लिहिलं आहे.

ठिकाण: राहतं घर, फळा लागायचा त्या भिंतीसमोर.
तारीख: १४ जून. माझ्या दहावीच्या निकालाला आज सात वर्षं झाली.
सही: (पूर्ण नावानं. अंगठा नाही.)

साक्षीदार
१. डॉक्टर: माझ्यासमोर सही केली. भ्रम नाही.
२. जुन्या शाळेचा कारकून, निवृत्त: माझ्यासमोर सही केली. तो अर्ज मी पाहिला आहे. काना नव्हता.