विहीर कोणाची

जालना, चैत्र वद्य

प्रिय सुहास,

तुझं कार्ड आलं. सुरू झालं न झालं तोच संपलं बाई ते! वैशाखात मुरूडला या, समुद्र बघा, नबाबाचं राखीव रान बघा, मुकुंदरावांच्या शाळेला तेव्हा सुट्टी आहे, एवढं लिहिलंस आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, जेवायचं काय करणार ते कळवा. त्या कोपऱ्यानं माझा जीव खालीवर करून टाकला. तेव्हापासून मी एका जागी बसलेली न्हाई. जात्यावर बसते, अर्ध्या दळणात उठते. दाराशी जाते, कशाला आल्ते तेच आठवत न्हाई. तुझे नाना म्हणतात, तू बोलतेस तशीच लिहितेस, जरा नीट लिही. मी म्हटलं, लेकीला लिहून राह्यले, कचेरीला न्हाई.

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं न्हाई, ही आपल्या घरची रीत तुलाही ठाऊक, मलाही. माझ्या आईनं ती बराबर पाळली. टेंभुर्णीहून बैलगाडीनं यायची ती घरची भाकरी बांधून, आणि आपल्या ओसरीवर बसून आपल्याच तांब्यातलं पाणी प्यायची. मी आत चुलीपाशी डोळे पुसायची. मंग तू झालीस. तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातची भाजी-भाकरी तिच्या पानात पडली. पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, मीठ कमी आहे गं! इतकी वर्षं गप्प बसलेली बाई, बोलली ती मिठावर. पण काय सांगू सुहास, त्या दिवशी मला माझं घर माझं वाटलं.

इकडं नानांची तयारी बघशील तर हसून लोळशील. कचेरीतून रुखसत मंजूर झाली, रजा मिळाली, त्याच दिवशी ट्रंक काढली. मनमाडला गाडी बदलायची, मुंबईला उतरायचं, मंग धक्क्यावरून आगबोट, आणि पावसाच्या आत परत, कारण पुढं आगबोटी बंद. येता-जाता मला तोंडपाठ म्हणायला लावतात. ट्रंकेत जवारीचं पीठ, डाळ, तिखट, वर शेगडी आणि कोळसे. कोळसे गं! करोडगिरीच्या, त्या जकातीच्या नाक्यावरचा शिपाई पेटी उघडून बघंल आणि कपाळाला हात लावंल. त्यांचा बेत असा, की आपण धर्मशाळेत उतरायचं, मी तिथं स्वयंपाक करायचा आणि जेवून-खाऊन, तोंड पुसून तुझ्याकडं यायचं. मी विचारलं, एवढी आगबोट करून जायचं ते धर्मशाळेत चूल फुंकायला? तर म्हणाले, लेक डोळ्यानं दिसेल ना.

घोडं अडलं पाण्यापाशी. पीठ नेता येतं, पाणी किती नेणार? दोन दिवस झाले, नाना मला एकच विचारून राह्यले: सुहासच्या परसातली विहीर जावई मुकुंदरावांची का घरमालकाची? घरमालकाची असली तर ते पाणी लेकीचं होत न्हाई म्हणे. बिलकुल चालतं म्हणे. आधी मला असा राग आला! ही कचेरीतली वकिली घरात कशाला, म्हटलं. मंग भाजी निवडता निवडता उमगलं. अगं, हा माणूस वाट शोधून राह्यला. त्याला तुझ्या हातचं पाणी प्यायचं आहे आणि सरळ म्हणता येत न्हाई. मला इतकं भरून आलं की त्यांना उगाच चहा करून दिला, तोही अवेळी.

रानाची मात्र त्यांना खरीच हौस आहे. जावईबापूंनी मागं लिहिल्तं, की शिकारीचा हंगाम नसला की परवानगी काढून आत जाता येतं, सांबर दिसतं, झाडाच्या शेंड्यावर मांजराएवढी तांबडी खार दिसते. नाना हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. खार दर वेळी थोडी वाढते. परवा कुत्र्याएवढी झाल्ती. टेंभुर्णीचा माझ्या माहेरचा कारभारी म्हणाला, मालक, आमच्या रानात हरणं फुकट दिसतात, वर पीक खाऊन जातात. नानांनी त्याला चहा न विचारताच वाटेला लावलं. मला विचारशील तर मला न सांबर पाहायचं, न समुद्र.

काल तुझी गोजर आत्या सगळं ऐकून माळ ओढत म्हणाली, विहीर कोणाची का असंना, सुहासला अजून काही न्हाई, मंग कसं चालंल? काही न्हाई! सुहास, तो शब्द माझ्या कानात शिरला तो निघेचना. चपला घातल्या आणि भर उन्हात कुंडलिकेपर्यंत चालत गेले. नदीला पाणी न्हाई, तिथं माझं काम न्हाई. उगाच उभी राह्यले आणि परत आले. रात्र कशीबशी काढली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मागल्या माघात आपल्या माजघरात तुझ्या लेकाला पहिली आंघोळ मी घातली. पायावर पालथा घेतला तर मान उचलायला बघत होता, लबाड. जावळ केवढं दाट! भुवई तर नानांसारखी वर करायचा. पाळणा बांधून झाल्ता, घुगऱ्या भिजत घातल्त्या, आणि बारशाआधीच गेला तो. नाव ठेवलं न्हाई म्हणून त्याला कोणी जमेस धरत न्हाई. तू रिकाम्या ओटीनं सासरी गेलीस आणि तेव्हापासून तुझी पत्रं अशी कोपऱ्यात सरकली. आज सकाळी मी आत्याला सांगितलं, रीत मी मोडून राह्यले न्हाई. लेकीला मूल होईस्तोवर, असंच आहे ना? माझ्या लेकीला मूल झालं. मी आजी आहे. आत्याची माळ थांबली. नाना उठले, ट्रंकेतून शेगडी काढली, कोळसे काढले, परसात नेऊन ठेवले आणि किती तरी वेळ तिकडंच तोंड करून उभे राह्यले. तेव्हा बाळा, विहीर कोणाची ते आता कळवू नकोस. पाणी तू शेंदून ठेव. पीठ मी आणते, कारण तांदळाच्या भाकरीनं नानांचं पोट भरायचं न्हाई. पण थापायची तू, आणि भाजीही तूच करायची. मीठ कमी पडलं तर मी बोलेन हो.

तुझीच आई,
आणि त्याची आजी