तुमचं कडं माझ्या हातात

बाई,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि चकलांब्याच्या आपल्या पोरीला ते अजून ठाऊक नाही. मीच कळू दिलेलं नाही. जन्मापासून तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि त्याच जनुकीय दोषापायी कानातला तोल सांभाळणारा भागही अर्धवट, म्हणून सहा वर्षांची झाली तरी जमिनीला चिकटून असायची. डॉक्टर म्हणाले होते, चालेल, पण तिच्या वेळेनं. मला कुठला धीर! अशा मुलांना घरी जाऊन शिकवायच्या या नोकरीत तुमच्या हाताखाली आले आणि पहिल्याच आठवड्यात मी तिला मागून बखोटीला धरून उभं केलं, ती किंचाळली आणि तुम्ही तिच्या आईसमोर माझी हजेरी घेतलीत. "आधी हात लाव, कोण हाय ते सांग, मग उठीव. कापसाचं गाठोडं हाय का ती?" मग तिची बोटं तुम्ही आपल्या मनगटावरच्या तांब्याच्या कड्यावर ठेवलीत. कडं म्हणजे बाई, हे तिला पक्कं माहीत. ती हसते, तुमच्या पावलांवर आपली अनवाणी पावलं ठेवते आणि सारवलेल्या ओसरीवर तुम्ही दोघी डुलत निघता. मी बघत बसते आणि जळते. हो, जळते.

तुम्ही अचानक गेलात. पोरगी तोवर दोन पावलं एकटी टाकायला लागली होती, ती खाली बसली ती बसलीच. महिना गेला. तिची आई म्हणाली, "म्याडम, आमी आता ऊसतोडीला जानार. म्हातारीला ही उचलत न्हाई. उठंल का न्हाई, तेवढं सांगा." मी तुमच्या यजमानांकडून कडं मागून आणलं आणि घातलं. पोरीनं ते चाचपलं, खिदळली, उठली. दारापासून बाजेपर्यंत सात पावलं, कुणाचा हात न धरता. आई रडली, मीही रडले, पण मला लाज वाटत होती.

तेव्हापासून तिच्यापुरती मी म्हणजे तुम्ही. आज ती पंधराची आहे, अंगणातल्या दोरीला धरून गोठ्यापर्यंत जाते, शेळीला पाला घालते. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमच्या हाताला सुपारीचा वास असायचा, माझी बोटं खरबरीत. तिला फरक कळला नसेल होय? की कळूनही ती मलाच सांभाळून घेते? आणि सांगायचं तरी कसं? राख नदीत गेली, फोटो तिच्या काय कामाचा! एकच मार्ग दिसतो. कडं काढून रिकामं तिच्या ओंजळीत द्यायचं आणि त्यात मनगट नाही, हे तिला चाचपू द्यायचं. दर मंगळवारी ठरवून जाते आणि तसंच घालून परत येते. उद्या पुन्हा मंगळवार, म्हणून हे लिहीत बसलेय. पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही.

स्वतःला समजावते, कडं काढलं तर ती पुन्हा खाली बसेल. खोटं आहे ते, बाई. ती आता बसायची नाही. तिनं माझं मोकळं मनगट चाचपलं आणि ते तिला परकं वाटलं तर मी काय करू, एवढीच भीती आहे.